डावा कौल

मी आमच्या गावदेवीचा गुरव. लोक प्रश्न घेऊन येतात, मी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी किती ओली ठेवायची हे मात्र माझ्या बोटांना ठाऊक, आणि या बोटांची मला आता शिसारी येते.

लवू माझा लहानपणापासूनचा मित्र, मुंबईच्या आगबोटीवर खलाशी. चौतीस सालच्या श्रावणात त्याच्या बरगडीखाली गाठ लागली. मीच त्याला रत्नागिरीत सर्जनकडे नेला. दोन दिवस तपासून ते म्हणाले, "यकृताचा कॅन्सर दिसतो. पण गाठ लिंबाएवढी आहे, काठाशी आहे. कावीळ नाही, दारू नाही, अंगात ताकद आहे. आत्ता कापली तर आशा आहे. वाढू दिलीत तर माझ्या हातात काही राहणार नाही."

घरी आल्यावर लवूची बायको सगुणा म्हणाली, "देवीला इचारूया." पोट फाडलेला माणूस जगलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. मला लवू जिवंत हवा होता, एवढंच. डावी पाकळी मी जेमतेम टेकवली. ती पडली. लवूने सुटकेचा श्वास सोडला आणि मीही सोडला, मूर्ख कुठला.

मार्गशीर्षात त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोट तटतटून फुगलं. तेव्हा सगुणानेच कंबर कसली. "कौल ऱ्हाऊं दे," म्हणाली आणि बैलगाडी जुंपायला लावली. सर्जन नको म्हणत होते. तिने त्यांचे पाय धरले. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी लवू गेला. "श्रावणातच आणायचा होता," सर्जन मला म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

तेराव्यानंतर सगुणा देवळात आली. नारळ पुढे ठेवून म्हणाली, "भावजी, देवीनं आदीच नको म्हटलंन होतं. मीच हट्ट केला. मीच त्यांना मारलं. माझ्यासाठी माफी मागा."

खरं सांगितलं असतं तर ती त्या पापातून सुटली असती. सांगायला मी तोंड उघडलंही. पण मग उद्यापासून माझ्याकडे कौल लावायला कोण आलं असतं? मी नारळ उचलला आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझ्या या लेकराची चूक झाली. तिला पदरात घे."

सगुणा रडत पाया पडली. आधी देवीच्या, मग माझ्या.