कामाचा हात

आईचं एक वाक्य सगळ्या नात्यागोत्यात पाठ होतं. थोरलीला काही आणलं की धाकटीलाही तेच यायचं, आणि वर आई सगळ्यांना ऐकवायची, “माझ्याकडे डावं-उजवं नसतं.” ऐकणारे माना डोलवायचे. धाकटी मात्र मनातल्या मनात हसायची, कारण तिच्यापुरतं ते वाक्य शब्दशः खरं होतं. ती जन्माची डावखुरी, आणि घरात डावखुरा हा शब्दही उच्चारायची सोय नव्हती. चमचा डाव्या हातात गेला की आई तो काढून उजव्यात द्यायची. पेन्सिल, कंगवा, दाराची किल्ली, सगळ्याचं तेच. ओरडणं नाही, मारणं नाही. दुसऱ्याशी बोलता बोलता, दुसरीकडे बघत, पोरीच्या गालाला लागलेलं काही पुसावं तसं ती हे करायची.

धाकटी मोठी झाली, भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागली. बाजारात तिला सगळे पेंटरीण म्हणत. आईकडे जेवण उजव्या हाताने, कागदावर सही उजव्या हाताने, पण शिडीवर चढली की ब्रश डाव्या हातात. ओल्या अक्षरांवरून हात फिरून ती फिसकटू नयेत म्हणून ती नाव शेवटच्या अक्षरापासून उलटं रंगवत यायची. खाली बघ्यांची ही गर्दी. शेवटचा ‘न’ निघाला की कुणी म्हणे सलून, कुणी म्हणे दुकान, आणि चहाच्या पैजा लागत. आईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती फक्त त्या रस्त्याने कधी जायची नाही.

मग ते लशीचं प्रकरण झालं. साधी फ्लूची लस, लोक दरवर्षी घेतात ती. सुई खांद्याच्या फार वर, पार सांध्यात गेली असं पेंटरिणीच्या डॉक्टरांचं म्हणणं. तसं काही झालंच नाही असं लस टोचणाऱ्या दवाखान्याचं. लशीतच खोट होती असं कुणीही म्हणत नव्हतं. वाद काय चालायचा तो चालो, डावा हात छातीच्या वर जाईना हे तर दिसत होतं. शिडी भिंतीला टेकलेली राहिली आणि पेंटरीण बोचकं बांधून आईच्या घरी परत आली.

भरपाईच्या दाव्यात सगळ्यांत पुढे आई. वकिलाकडचे जिने तिने झिजवले. भेटेल त्याला ती सांगायची की त्या नर्सने माझ्या पोरीचा कामाचा हात घालवला, विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही. कामाचा हात म्हणायची, डावा म्हणायची नाही. एवढं जुळवून बोलणं तिलाच जमे.

अखेर समोरच्यांनी तडजोडीला बोलावलं. खटला लांबवण्यात दोघांनाही रस नव्हता. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, खिडकीच्या पट्ट्यांवर धूळ. एका बाजूला पेंटरीण, आई आणि त्यांचा वकील. दुसऱ्या बाजूला दवाखान्याच्या वकीलबाई, चष्मा कपाळावर चढवलेल्या. पूर्ण रक्कम मिळाली तर खांद्याचं ऑपरेशन आणि बाजारात स्वतःची एक खोली, दोन्ही होणार होतं. उंचावरच्या कामाला माणूस ठेवायचा, खालचं आपण करायचं, असं तिने ठरवूनही टाकलं होतं. अर्धी मिळाली तर फक्त ऑपरेशन, आणि पुढे आईचं घर आहेच.

वकीलबाईंनी अर्धीच देऊ केली. कारण विचारल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, की टोचायच्या आधी नर्सने कामाचा हात कोणता हे रीतसर विचारलं होतं, आणि उत्तर मिळालं होतं, उजवा. म्हणून डाव्यात टोचलं. आता डावाच कामाचा होता म्हणणं म्हणजे भरपाई फुगवणं.

खोटारडी म्हणाल्या त्या पेंटरिणीला, नुसता शब्द तेवढा वापरला नाही. अख्खा बाजार साक्षीला उभा करीन, असं तिच्या ओठांवर आलं. आणि बोलायचं म्हणाल तर लस घेतली त्या दिवशी तिने तोंडच उघडलं नव्हतं. सुईची तिला लहानपणापासून धास्ती, म्हणून आईला सोबत नेलं होतं. दात आवळून ती समोरच्या भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी बघत बसली होती, आणि ‘राखा’ची अक्षरं कोणत्या गाढवाने इतकी दाटीने बसवली म्हणून मनात चरफडत होती. खोलीत कोण काय बोललं हे तिच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं.

वकीलबाईंनी बाहेर बसलेल्या नर्सला आत बोलावलं. आई जिचा रोज उद्धार करायची ती बाई हीच, यावर विश्वास बसू नये इतकी ती साधी होती. पर्स पोटाशी धरून उभी राहिली. तिने पेंटरिणीकडे बघितलं आणि मान हलवली.

“ह्या नाही बोलल्या,” ती म्हणाली. “ह्यांच्या आई बोलल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, उजवा, आमच्याकडे डावं-उजवं नसतं. मला हसू आलं, म्हणून तर लक्षात राहिलं.”

नर्स काहीही रचून सांगू शकली असती, पण हे वाक्य नव्हे. हे वाक्य जगात एकाच तोंडातून निघायचं. पेंटरिणीने वळून आईकडे बघितलं. म्हणजे आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जिने झिजवताना, शिव्याशाप देताना, रात्री पोरीच्या खांद्याला तेल चोळताना, सगळा वेळ ठाऊक होतं. तिला राग यायला हवा होता, पण राग येण्याइतकंही अंगात काही उरलं नव्हतं.

त्यांच्या वकिलाने कुजबुजून आईला सांगितलं, की आठवत नाही म्हणालात तरी पुरे, बाकी मी बघतो. आईला अर्धवट कामं आवडत नसत.

“मी कशाला बोलेन?” ती म्हणाली. “मी तर बाहेर बाकावर बसले होते.”

तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात, ह्यांचा कोट हातात धरून, एवढं नर्स कसंबसं बोलली. आईने खिडकीकडे बघितलं. वकीलबाईंनी चष्मा खाली घेतला, दोघींना न्याहाळलं आणि सुस्कारा टाकला. शब्दाला शब्द, पुरावा कुणाकडेच नाही. आणि प्रकरण आजच मिटवा असा त्यांना वरून निरोप होता. मग पूर्ण रक्कम, त्या म्हणाल्या. फक्त नर्सने न विचारता टोचलं हे दवाखान्याने मान्य करायचं तर तिला कामावर ठेवता येणार नाही. हे त्यांनी नर्ससमोरच सांगितलं.

कागद पेंटरिणीपुढे सरकला. बोल, असं ती स्वतःला म्हणत होती, आणि जीभ टाळूला चिकटली होती. ती खोली तिला दिसत होती, बाजारातली, रस्त्याकडे दार असलेली. आईविरुद्ध चारचौघांत बोलायचं, आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा? ती सही करणार होती. हे लपवण्यात अर्थ नाही, ती करणारच होती. कागदावर नेहमी उजवा हात चालायचा. त्या दिवशी खोटारडी ठरवल्याचा सल होता की काय कोण जाणे, डावा पुढे झाला. टेबलापर्यंत तो पोचत होता. तिने पेन उचललं.

आई वकिलाशी पैसे कधी हातात पडतील याबद्दल बोलत होती. बोलता बोलता, तिकडेच बघत, तिने हात लांब केला, लेकीच्या डाव्या हातातलं पेन काढलं आणि उजव्यात दिलं.

वकीलबाई आईच्या हाताकडे बघत राहिल्या, नर्सही. सगळे असे का बघतायत हे आईला आधी कळलंच नाही. मग तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. तो अजून लेकीच्या बोटांवर होता. तिने तो पटकन मांडीवर घेतला, आणि तिचा चेहरा असा काही उतरला, की पेंटरिणीने आयुष्यात कधी तो तसा बघितला नव्हता.

आता मात्र जीभ सुटली.

“अर्धीच रक्कम लिहा,” पेंटरीण वकीलबाईंना म्हणाली. “ह्यांनी विचारलं होतं. आणि ह्यांच्या नोकरीला हात लावायचा नाही, तेही लिहा.”

तिच्या वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. वकीलबाईंनी आकडा खोडला, खाली एक ओळ वाढवली, आणि कागद परत सरकवला. नर्स रडत होती. रडायला तिलाही कारणं होती. सुई वर गेली असेल तर ती तिच्याच हातून गेली होती.

पेंटरिणीने पेन पुन्हा डाव्या हातात घेतलं. दुकानाची पाटी रंगवावी तसं शेवटच्या अक्षरापासून उलटं नाव काढत आणलं आणि वरची रेघ मारली. झोकदार, ठसठशीत नाव उमटलं. वकीलबाईंनी ते जुन्या कागदांवरच्या सहीशी ताडून बघितलं. तिथे सगळीकडे उजव्या हाताची बारकी, शाळकरी सही होती.

“ही जुळत नाही,” त्या म्हणाल्या. “ही सही ह्यांचीच हे घरच्या कुणीतरी सांगावं लागेल.”

पेंटरिणीने पेनाला टोपण लावलं. तिचा वकील छताकडे बघत होता. आईने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

“तिचीच आहे,” आई म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता, की वकीलबाईंना पुढे वाकावं लागलं. “डावखुरी आहे ती. जन्मापासून.”