डावा कान

मिरजेचा गुरुदत्त २००७ साली मेलबर्नला आला तो गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग शिकायला. मिरजेत असताना तो दिवसा पतसंस्थेत बसायचा आणि संध्याकाळी गवयांच्या साथीला व्हायोलिन घेऊन जायचा. पण त्या वर्षांत पुण्या-मुंबईतला प्रत्येक एजंट एकच सांगत होता, "ट्रेड शिका, पीआर नक्की." म्हणजे हाताचं कसब शिका, तिथे कायमचं राहायचा परवाना मिळतोच. गुरुदत्तने ते ऐकलं. सोबत बायको विनीता आली. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालेली विनीता मेलबर्नच्या क्लेटन उपनगराजवळच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला लागली.

कोर्स संपेपर्यंत नियम बदलले. आता परवान्यासाठी हमी घेणारा, स्पॉन्सर करणारा मालक हवा होता. असा मालक मेलबर्नमध्ये मिळेना. मिळाला तो पार विमेराच्या सपाट मुलखात, एका छोट्या गावात. नॉर्म त्याचं नाव. त्याच्याकडे दोन वर्षं टिकून काम केलं की पीआर होणार होता. विनीताची नोकरी पक्की होती, म्हणून ती क्लेटनलाच राहिली.

त्या गावात नजर अडेल असं काही नव्हतं. चहूकडे गहू, मध्ये एक सरळ रस्ता आणि रेल्वेच्या रुळांशेजारी धान्याचे उंच सायलो. नॉर्मच्या वर्कशॉपमध्ये कांगारू धडकून चेपलेल्या गाड्या यायच्या, सुगीच्या दिवसांत कापणीची अवाढव्य यंत्रं यायची. गुरुदत्तला हे काम आवडायला लागलं, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. चेपलेल्या पत्र्यावर हातोडी मारली की पत्रा बोलायचा. जिथे ताण असेल तिथे आवाज टणक यायचा, सुटला की सैल पडायचा. तो ऐकून गुरुदत्त पत्रा असा बसवायचा की नॉर्म वरून हात फिरवून म्हणायचा, "ब्युटी, मेट!"

मात्र कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले की पत्र्याचा आवाज कळायचा नाही. म्हणून तो मफ काढून ठेवायचा. शेजारी ग्राइंडर किंचाळत असायचा. नॉर्म सुरुवातीला ओरडला, "कान झाक." मग काम चांगलं होतंय म्हटल्यावर त्यानेही सोडून दिलं.

शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये जुन्या पद्धतीच्या नाचाची तालीम चालायची. शाळेतून रिटायर झालेली बेरिल पियानोवर, एक अकॉर्डियनवाला, एक ड्रमवाला. गुरुदत्त पहिल्यांदा गेला आणि स्टेजवर मांडी घालून बसला. व्हायोलिनचं टोक पायावर टेकवलं तेव्हा सगळे बघतच राहिले. दोन धुना ऐकून त्याने तिसरी त्यांच्याबरोबर वाजवली. त्या दिवसापासून शनिवारचा तो गावचा झाला. विनीताला फोनवर म्हणाला, "इथे कोणी दाद देत नाही गं, पण पाय थांबत नाहीत त्यांचे!"

दुसऱ्या वर्षी पावसाळी थंडीत एका तालमीला बेरिलने मध्येच हात थांबवले.

"लव्ह," ती सगळ्यांना तसंच म्हणायची, "तुझा सूर चढतोय."

गुरुदत्त हसला. त्याला वाटलं, पियानोच उतरला असेल. आयुष्यात त्याच्या सुराबद्दल कोणी शब्द काढला नव्हता. लहानपणी शेजारच्या घरातली तंबोऱ्याची तार उतरली तरी तो जेवणावरून उठायचा. त्याने तार पुन्हा जुळवली आणि वाजवायला घेतलं. अकॉर्डियनवाल्याने बेरिलकडे पाहिलं. थोड्या वेळाने बेरिलने तालीम लवकर संपवली.

घरी येऊन त्याने वरची मोकळी तार एका हाताने छेडत ठेवली. मग उजवा कान बोटाने बंद केला, मग डावा. दोन कानांत दोन वेगळे सूर ऐकू येत होते. डाव्या कानात त्यामागे एक बारीक शिट्टीही होती. ती कधीपासून होती, हे त्याला आठवेना. त्याने व्हायोलिन पेटीत ठेवून पेटी बंद केली. 

जवळच्या हॉर्शम शहरात कान तपासणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं. आवाजाने आतली नस गेली आहे, उंच सूर आधी गेलेत, डावा कान जास्त. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळता येईल. "कामाला काय करता?" त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. व्हायोलिनचं सांगितलं नाही.

विनीतालाही त्याने सांगितलं नाही. शनिवारी हॉलवर जाणं बंद केलं. फोनवर "काय म्हणालीस?" वाढलं. शेवटी एका लाँग वीकेंडला ती न कळवता बसने आली. दारात उभी राहून तिने दोनदा हाक मारली. तो पाठमोरा कांदा चिरत होता, त्याला पत्ताच नव्हता. व्हायोलिनची पेटी कपाटावर होती आणि तिच्यावर धूळ होती.

"गुरु, काय झालंय?" तिने त्याला वळवून विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग भडकली.

"मला सांगितलं नाहीस? तीन महिने? मी कोण आहे रे तुझी?"

"सांगून काय होणार होतं?"

"सोड ही नोकरी. आजच्या आज सोड. नाही झाला पीआर तर नाही झाला. मिरजेला जाऊ."

"मिरजेला जाऊन काय करू?" गुरुदत्तचा आवाज एकदम चढला. "विनू, इथे रोज ग्रीस फासून घेताना मनात एकच होतं, अगदीच नाही जमलं तर परत जाईन, वाजवीन. आता साथीला कोण बसवेल मला? बेसूर माणसाला?"

 विनीताला हे ठाऊकच नव्हतं, की तो इतकी वर्षं परतीची वाट मनात राखून होता. तिने स्वतः ती केव्हाच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन नॉर्मच्या घरी गेली. नॉर्म ऐकताना लाल होत गेला. "मी सांगितलं होतं मफ लाव म्हणून," तो म्हणाला.

"सांगितलंत. आणि मग सांगायचं थांबवलंत," विनीता म्हणाली.

नॉर्मने मान खाली घातली. तो चांगला माणूस होता, पण ते वाक्य त्याला लागलं. त्याने गुरुदत्तला हातोडीवरून काढून रंगाच्या खोलीत टाकलं, स्पॉन्सरशिप तशीच ठेवली. मात्र पूर्वीसारखा तो खांद्यावर हात टाकेनासा झाला. दुपारचा चहा दोघं वेगवेगळा प्यायला लागले.

विनीता क्लेटनला परत गेली ती सामान आवरायलाच. गावच्या हॉस्पिटलच्या वृद्धाश्रमात तिला काम मिळालं. महिनाभराने तिनेच बेरिलला चहाला बोलावलं. गुरुदत्तने कानाचं सांगितलं, तेव्हा बेरिल बिस्कीट बुडवत म्हणाली, "मग खालच्या तारांवर वाजव. वरच्या तारेवर इथे कोण नाचतंय?"

गुरुदत्तला ते फार लागलं. दोन दिवस तो धुमसत होता. पण पुढच्या एका शनिवारी त्याने पेटी खाली काढली.

पीआर आला त्याच्या पुढच्या वसंतात. बरीच वर्षं चाललेलं अवर्षण संपलं होतं, गहू कमरेएवढा होता. गावाने हॉलमध्ये नाच ठेवला. गुरुदत्त खालच्या तारांवर वाजवत होता, अधूनमधून सवयीने वर जात होता. नॉर्म आला, कोपऱ्यात उभा राहिला, मग त्याने विनीताला नाचायला बोलावलं. तिला पावलं येत नव्हती, त्यालाही फारशी येत नव्हती.

घरी चालत येताना गुरुदत्तने विचारलं, "कसं झालं?"

 विनीताचा कान त्याची साथ ऐकून तयार झालेला होता, पण छान झालं, असं म्हणणं सोपं होतं.

"दोनदा चढलास," ती म्हणाली.

"कुठे?"

ती त्याच्या उजव्या बाजूला आली आणि ती जागा गुणगुणून दाखवली, आधी त्याने वाजवली तशी, मग बरोबर. तो मान तिरकी करून ऐकत राहिला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.