फौजदार आणि डालग्याखालचा पाहुणा

मी एक जुनी कोंबडी आहे, मित्रांनो. म्हातारी म्हणू नका, ते मला आवडत नाही. माझा तुरा एका बाजूला कलंडला आहे, पाय खरखरीत झाले आहेत आणि अंडे मी आता मनात आले तरच देते, एवढेच. सिन्नरच्या अलीकडे, कारखान्यांच्या भिंती संपून कांद्याची वावरे सुरू होतात, तिथल्या एका वस्तीवर सुलाबाईंचे घर आहे. त्यांच्या अंगणात मी जन्मले आणि तिथेच मोठी झाले. माझे पंख ठिपक्याठिपक्यांचे म्हणून सुलाबाईंनी माझे नाव ठेवले कबरी.

तलंग असताना, म्हणजे अजून अंड्यावर आले नव्हते तेव्हा, मी फार उनाड होते. पण पहिल्यांदा खुडूक झाले आणि सुलाबाईंनी भुशाच्या पाटीत अंडी मांडून मला त्यावर बसवले, तेव्हा मला माझे काम सापडले. मी अंड्यांवरून हलत नसे. दाणापाण्यापुरती उठायची आणि पुन्हा जागेवर यायची. "माझी कबरी बसली की अंडं वाया जात नाय," असे सुलाबाई शेजारच्या कमळाबाईंना सांगायच्या. ते ऐकून मी मान जरा ताठ करत असे. का करू नये? आता माझ्याखाली कोणी अंडी मांडत नाही, नव्या पोरी मला दाण्यावरून ढकलतात. असो. आज मला माझे रडगाणे गायचे नाही, आमच्या कोंबड्यांविषयी, म्हणजे नरांविषयी, सांगायचे आहे.

पिल्ले निघाली की त्यांतली निम्मीशिम्मी नर निघतात. ते काही माझ्या हातात नसते. लहानपणी सगळी सारखीच गोंडस दिसतात. पण तुरे लाल झाले, आरवता येऊ लागले, की एकेकाच्या अंगात वारे शिरते. एवढे नर एका अंगणात राहिले तर आम्हा माद्यांच्या पाठीवर पीस उरत नाही आणि त्यांच्या भांडणांत कोणाला धड खाता येत नाही. म्हणून पुष्कळशा माद्यांत एकच नर ठेवायचा, हे सुलाबाईंचे ठरलेले. कोणता ठेवायचा हे ठरवायला त्या घाई करत नसत. उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडता निवडता त्या नरांकडे बघत राहायच्या.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. माणसाच्या अंगावर येणारा कोंबडा घरात ठेवायचा नाही. एकदा माझ्याच पाटीतला एक लालभडक नर असा देखणा निघाला की येणारे-जाणारे मोबाइल काढून त्याचे फोटो घेत. तो एक दिवस सुलाबाईंच्या नातीवर, छोट्या हर्षालीवर, झेपावला आणि तिच्या डोळ्याखाली त्याने चोच मारली. कमळाबाई म्हणाल्या, "असा कोंबडा पुन्हा मिळायचा नाय, सुलाबाई. राहू द्या." सुलाबाईंनी काही ऐकले नाही. संध्याकाळी तो अंगणात नव्हता. मला वाईट वाटले. तो माझा मुलगा होता.

मग राहिला फौजदार. अंगावर खाकी तपकिरी पिसे आणि चाल अशी की जणू अंगण त्याच्याच हद्दीत येते, म्हणून हे नाव. मित्रांनो, मी फारशी कोणाची तारीफ करत नाही, पण त्याची करते. उकिरड्यात वाळवी सापडली की तो स्वतः खात नसे. बारीक आवाजात आम्हाला बोलवायचा आणि आम्ही खात असताना मान वर करून उभा राहायचा. आभाळात घारीची सावली दिसली की त्याचा एकच खर्जातला आवाज, आणि आम्ही सगळ्या कांदा साठवायच्या चाळीखाली. सर्वांत शेवटी तो आत यायचा. दोन माद्या भांडू लागल्या तर मध्ये जाऊन नुसता उभा राहायचा, की भांडण मिटले. हर्षाली रांगत त्याच्या शेपटीपर्यंत गेली तरी त्याने तिला कधी नख लावले नाही.

पण एकच नर फार वर्षे ठेवून चालत नाही. फौजदार आता निम्म्या माद्यांचा बाप होता. माझ्याखालची अंडी फुकट जाऊ लागली आणि निघालेली पिल्ले माना टाकू लागली. मी काही मन लावून बसत नव्हते असे नाही. सुलाबाईंनी अंडे कानाशी धरून हलवून पाहिले आणि सुनेला, स्नेहाला, म्हणाल्या, "कबरीचा काय दोष नाय. रक्त बदलाया पाहिजे." त्यांची बहीण लंकाबाई देवळ्याकडे दिलेली आहे. दोघी बहिणी अधूनमधून नरांची अदलाबदल करतात. तिकडचा इकडे, इकडचा तिकडे. लंकाबाईंनी कोणाच्या तरी हाती आपला नर पाठवून दिला. फौजदाराला आखाडातला शेवटचा रविवार झाला की सोमवारी देवळ्याला धाडायचे ठरले.

नवा पाहुणा बघून आम्हाला हसू आले. त्याची पिसे गळत होती, शेपटीच्या जागी दोन काड्या आणि मान उघडी. सुलाबाईंनी त्याला अंगणात मधोमध डालग्याखाली, म्हणजे कामट्यांच्या उपड्या टोपल्याखाली ठेवले. असे केले की नवा नर आणि जुन्या माद्या एकमेकांना बघून घेतात, मारामारी होत नाही. फौजदाराला मात्र हे मुळीच रुचले नाही. तो दिवसभर डालग्याभोवती फिरायचा आणि कामट्यांच्या फटीतून पाहुण्याला टोचायला बघायचा.

आता गोम अशी की आमच्या घरात डालगे एकच. श्रावण लागण्याआधीच्या रविवारी लेक-जावयाला रश्श्याला बोलवायची या घरची पद्धत आहे, आणि रश्श्याचा कोंबडा आदल्या संध्याकाळपासून त्याच डालग्याखाली असतो, कारण दिवसा तो हाती लागत नाही. त्या वर्षी त्यासाठी एक दांडगट तरणा नर ठरला होता. पण पाहुण्यामुळे डालगे अडलेले, म्हणून सुलाबाई त्याला रविवारी बाजारातून आल्यावर दाणे टाकून कसाबसा धरणार होत्या. हे त्यांच्या मनात होते. घरधन्यांना, सावळीरामांना, सांगायचे राहून गेले. ते कंपनीत रखवालदार आहेत; त्या दिवसांत रात्रपाळी करून दिवसभर झोपत, म्हणून पाहुणा आल्याचेही त्यांना ठाऊक नव्हते. रविवारी सकाळी ते कामावरून आले तेव्हा सुलाबाई बाजाराला निघून गेल्या होत्या.

त्यांनी डालगे पाहिले. आत तो पिसे गळलेला नर. "हिनं धरून ठेवलाय वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले. बायको येईपर्यंत काम उरकून टाकू, असा त्यांचा भला विचार. त्यांनी पाहुण्याचे पाय सुतळीने बांधले आणि गावातल्या दुकानात कापून आणायला त्याला सायकलच्या दांडीला उलटे टांगले. पाहुणा जिवाच्या आकांताने ओरडला.

आणि फौजदार धावला. ज्याला इतके दिवस टोचायला बघत होता, त्याच्यासाठी धावला. दोन्ही पाय पुढे करून त्याने सावळीरामांच्या नडगीवर झेप घेतली. सायकल आडवी झाली, सावळीराम खाली बसले आणि त्यांच्या पायातून रक्त येऊ लागले.

स्नेहा आतून धावत आली. सावळीरामांनी फौजदाराला पकडून डालग्याखाली कोंबले होते. "आज याचाच रस्सा," ते म्हणाले. "लय माजलाय."

"आबा, आधी पाय बघू द्या. आई येऊ द्या, मग ठरवा काय ते," असे म्हणून स्नेहाने त्यांना उंबऱ्यावर बसवले आणि जखमेवर हळद दाबली. मी डालग्याला चिकटून बसले. मला नियम ठाऊक होता. माझ्या मुलाच्या वेळी कमळाबाईंनी विनवले तरी तो मोडला नव्हता.

सुलाबाई आल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी नवऱ्याचा पाय पाहिला. मग आडव्या सायकलकडे गेल्या आणि पाहुण्याच्या पायांची सुतळी सोडली.

"हा लंकाचा कोंबडा हाय," त्या म्हणाल्या. "याला कुठं घेऊन निघाले होते?"

सावळीराम हळूच म्हणाले, "डालग्याखाली होता. मला वाटलं रश्श्याचा हाय."

"चूक माझी बी हाय. सांगून जायला पाहिजे होतं."

"ते राहू दे. पण फौजदार माणसावर आला ना? तुझाच नेम हाय."

सुलाबाईंनी डालगे उचलले आणि फौजदाराला मांडीवर घेतले. तो गुपचूप बसला. त्या बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"माणसावर येतो त्याला मी ठेवत नाय," त्या म्हणाल्या. "हा तुमच्यावर नाय आला. तुमच्या हातात जो ओरडत होता, त्याच्यासाठी आला. तेच तर याचं काम हाय. ते केलं म्हणून याला कापला, तर उद्या कोणत्या तोंडानं दुसऱ्याला राखण करायला ठेवू?"

"आन् माझा पाय?"

"पाय भरून येईल," सुलाबाई म्हणाल्या, आणि स्नेहा पदराआड हसली. तो दांडगट तरणा नर काही हाती लागला नाही, म्हणून त्या दिवशी जावयाला, कुंदनरावांना, अंड्याची आमटी वाढली. ते दोनदा मागून जेवले.

मित्रांनो, नर म्हणजे नुसता आरवणारा गळा किंवा ताटातला रस्सा नव्हे. पोसता येतील तेवढेच वाढवा आणि आमच्यातला चांगला कोणता हे सवडीने ओळखा. एक विनंती आणखी आहे. आम्हाला पाय बांधून उलटे टांगू नका. रक्त डोक्यात उतरते, श्वास कोंडतो आणि सगळे जग उलटे दिसते. आम्हाला कापायचे असले तरी तिथपर्यंत सरळ नेता येते.

सोमवारी फौजदाराला एसटीने देवळ्याला पाठवायचे होते. सुलाबाई पिशवी शोधत होत्या. सावळीराम म्हणाले, "राहू दे, मी नेतो." आयुष्यभर ज्यांनी कोंबडे सायकलला टांगूनच नेले होते, त्यांनी फौजदाराला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरले, त्याच्या पायांना खालून तळहाताचा आधार दिला आणि ते लंगडत लंगडत स्टँडकडे निघाले. फौजदार त्यांच्या खांद्यावरून आमच्याकडे बघत होता. आम्ही सगळ्या फाटकापर्यंत गेलो.