चिमट्याचं काय झालं?

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि उन्हात मला चक्कर येते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या आयुष्यातलं बरंवाईट सगळं त्या चकरेपायीच घडलं. रंग राखाडी, दिवे गोल, गिअरची दांडी स्टिअरिंगलाच लागलेली. जन्म मुंबईच्या कारखान्यातला, पण मी मुरले ती अमरावतीत, नारायणराव वकिलांच्या घरी.

वकीलसाहेब कोर्टात जाण्याआधी जुन्या धोतराच्या फडक्यानं मला पुसत. शहरातल्या कॅम्प भागातल्या कितीतरी नवरदेवांनी माझ्या मागच्या सीटवर बसून घाम पुसला आहे. तेव्हा माझा मोठा तोरा होता. नंतर गल्लीत नव्या गाड्या आल्या, नवरदेव त्यांच्यात बसू लागले आणि मी पोर्चमध्ये उभी राहू लागले.

वकिली सुटली तेव्हा साहेबांनी कॉम्प्युटर घेतला आणि पुढच्या खोलीत खिडकीशी मांडला. खिडकीबाहेर मी. ते एका बोटानं टाइप करत आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत, म्हणून मला सगळं कळे. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा तिथं एक फोरम होता. फोरम म्हणजे इंटरनेटवरची चावडीच. एकानं प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी त्याखाली उत्तरं लिहायची. उत्तर यायला कधी आठवडा लागे, पण आलेलं उत्तर जागचं हलत नसे.

तिथले रिवाज कडक होते. गाडीचं दुखणं सांगताना शेवटी कशाला हात लावला होता ते आधी सांगायचं. आणि गुण आला की परत येऊन कळवायचं. या दुसऱ्या रिवाजाबद्दल साहेब फार कडवे होते. उत्तर घेऊन पसार होणाऱ्याला ते ‘फुकटा अशील’ म्हणत आणि तसं लिहूनही टाकत.

एकदा त्यांनी माझ्या चकरेचा प्रश्न टाकला. उन्हात इंजिन तापलं की पेट्रोलची नळी तापते, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि मी रस्त्यात बंद पडते. घडवणाऱ्यांना कशाला दोष देऊ? आमचं ऊनच तसलं आहे. बाळापूरच्या किसनरावांनी उत्तर लिहिलं. त्यांच्याकडे माझ्यासारखीच गाडी होती आणि ते बोलत तसंच लिहीत.

‘‘वकीलसाहेब, नळीले कपडे वाळवाचे चिमटे लावा. लाकडाचे. प्लास्टिकचे लावसान तं वितळतीन.’’

साहेब खो खो हसले. ‘‘किसनराव, मी गाडी चालवतो, धुणं वाळवत नाही,’’ असं त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं. किसनरावही गप्प बसणारे नव्हते. दोघांची अशी जुंपली, की बाकीचे लोक नुसते वाचायला येत.

आणि मग एका दुपारी साहेब इकडेतिकडे बघत पोर्चमध्ये आले. खिशातून लाकडी चिमटे काढले आणि माझ्या नळीवर ओळीनं लावले. मित्रांनो, शास्त्र काय म्हणतं मला ठाऊक नाही. मला बरं वाटलं, एवढं खरं. त्या उन्हाळ्यात आम्ही अकोल्याला जाऊन आलो आणि मी कुठंच रुसले नाही.

पण साहेबांनी ते फोरमवर कळवलं नाही. जगाला कळवा कळवा म्हणणारा माणूस, पण स्वतःची पाळी आली तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली. किसनरावांचा शेवटचा प्रश्न तसाच राहिला : ‘‘चिमट्याचं काय झालं? कळवजा.’’ साहेब तो उघडून बघत, पुटपुटत, बंद करत. पुढं त्यांनी फोरमवर जाणंच सोडलं, आणि दोन वर्षांपूर्वी हे जगही सोडलं. मला त्यांचा राग येतो आणि आठवणही येते.

आता मी त्यांच्या मुलीकडे आहे, अदितीकडे. तीही वकील. तिनं मला रंग दिला, नव्या गाद्या शिवल्या आणि मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये माझा फोटो टाकला. ग्रुपचं नाव ‘वऱ्हाडच्या जुन्या गाड्या’. काय सांगू! अंगठे, बदाम, फटाके! ‘भारी’, ‘नाद नाही करायचा’. इतकं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी हुरळले.

मग ग्रुपवर बॉनेटच्या आतले फोटो टाकण्याची चढाओढ लागली. अदितीनं बॉनेट उघडलं, चिमटे बघितले आणि कपाळाला हात लावला. ‘‘बाबा पण ना!’’ फोटोत ते गबाळे दिसले असते. तिनं ते काढले आणि डॅशबोर्डच्या खणात टाकले. फोटो छान आला.

ऊन चढलं तशी माझी चक्कर परत आली. कोर्टाच्या रस्त्यावर, राजापेठेत, भर चौकात मी बंद पडू लागले. अदितीनं ग्रुपवर विचारलं. पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस पडला. पंप बदला, कार्बोरेटर बदला, एकानं तर गाडीच बदला म्हटलं. शेवटी कशाला हात लावला होता, असं मात्र एकानंही विचारलं नाही. रात्रीपर्यंत प्रश्न शुभरात्रीच्या फुलांखाली गाडला गेला. पंप बदलून झाला, कार्बोरेटर बदलून झाला, माझी चक्कर तशीच.

त्याच ग्रुपवरच्या अमोलनं मला मागणी घातली. बडनेरा रोडवर त्याचं हॉटेल आहे. ‘‘ताई, देऊन टाका. चबुतऱ्यावर ठेवतो, बॉनेटमध्ये फुलझाडं लावतो. लोक येतीन, फोटो काढतीन.’’ तो मनानं वाईट नाही. पण मित्रांनो, पोटात माती भरून उभं राहायचं, हे ऐकून माझी बॅटरीच बसली. अदिती थकली होती. ती म्हणाली, ‘‘अकोल्याला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. तिथवर हिनं पोचवलं तर ठीक. नाही पोचली, तर तुमची.’’

मेळाव्याच्या दिवशी ऊन मरणाचं होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे माझे डोळे फिरले आणि मी कडुनिंबाखाली थांबले. अदितीनं ग्रुपवर हाक दिली. ग्रुपला नावं ठेवली, तर हेही सांगायला हवं : मूर्तिजापूरचे शालिकराम, औषधांच्या दुकानाचे मालक, ओळख ना पाळख, लगेच दुकान सोडून स्कूटरवर निघाले. पाणी घेऊन, दोर घेऊन, वर फोडणीचा चिवडा घेऊन. फोरमवरचं कोणी असं धावून आलं नसतं.

ते येईपर्यंत अदिती माझ्या सीटवर बसून मोबाइलमध्ये माझ्या दुखण्यावर उपाय शोधत होती. आणि तिला तो फोरम सापडला. फोटो केव्हाच उडून गेले होते, जागोजागी रिकामे चौकोन. शब्द मात्र होते. बाबांचा प्रश्न. किसनरावांचं उत्तर. ती मोठ्यानं वाचू लागली, अगदी बापासारखी. ‘धुणं वाळवत नाही’ला हसली. शेवटच्या ओळीवर थांबली. मग तिनं खण उघडला.

शालिकरामांनी पंपावर ओला रुमाल ठेवला, तिनं चिमटे लावले. मी चालू झाले. अकोल्यापर्यंत कुठं थांबले नाही.

मेळाव्यात गाड्यांभोवती गर्दी होती. अदितीनं ग्रुपवर विचारलं, ‘‘बाळापूरचे किसनराव कोणाला माहीत आहेत का?’’ उत्तर आलं, ‘‘ते काय, मंडपात बसून राहिले. ग्रुपात हायेत, पन बोलत नाहीत.’’

निरोप मिळताच काठी टेकत ते आले. फोरमवरच्या फोटोतला माझा नंबर ओळखून म्हणाले, ‘‘हे तं वकीलसाहेबाची गाडी! बॉनेट उघड, माय.’’

अदितीनं उघडलं. ते वाकले. एकेक चिमटा बोटानं चाचपला.

‘‘हे कोनं लावले?’’

‘‘बाबांनी. तुम्ही सांगितलं तेव्हाच. दोन वर्षांपूर्वी ते गेले. फोटोसाठी मी काढले होते, आज परत लावले.’’

‘‘मंग मले सांगतलं काहून नाही त्यानं?’’ म्हातारा रागावला होता आणि त्याचे डोळे भरले होते. ‘‘मी आताही फोरम उघडून पायतो, पोरी. वाटते, आज तरी काई लिहिलं असन.’’

अमोल शेजारीच उभा होता. ‘‘ताई, फुलझाडं मी कुंडीतच लावतो,’’ तो म्हणाला.

अदितीनं तिथंच, माझ्या बॉनेटवर कोपर टेकून, फोरमवर लिहिलं : ‘‘किसनकाका, चिमट्यांनी गुण आला. तेव्हाही आला होता. कळवायला उशीर झाला, माफ करा. नारायणरावांकडून, अदिती.’’ ग्रुपवर टाकलं असतं तर अंगठे मिळाले असते. इथं एकच वाचणारा होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला, चष्मा चढवला आणि मनाशी अक्षर न् अक्षर वाचलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना पुसा, पाणी घाला, उन्हातून सावलीत लावा. तेवढं तर हवंच. पण कोणाच्या सांगण्यानं तुमचं अडलेलं चाक फिरलं, तर मागं जाऊन त्याला सांगा. तो वाट बघत असतो.

त्या दिवशी माझ्या बॉनेटचा नवा फोटो निघाला. चिमट्यांसकट.