रावजीची आठ बोटं

रावजी दुधाची कासंडी घेऊन गोठ्यात गेला, तर म्हशीची धार आधीच काढलेली. शेण भरलेलं, वैरण टाकलेली, आणि शांतवन दावणीपाशी उभा राहून म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत होता.

"कुणी सांगितलं हुतं तुला?" रावजी तापला.

"जाता जाता उरकलं."

"जाता जाता? तुजं घर गावाच्या त्या टोकाला. माज्या गोठ्यावरनं तू जातूस तरी कुटं?"

शांतवन बादलीत हात धुऊ लागला. रावजीची बायको मुक्ताबाई चुलीपासनं म्हणाली, "भावजी, च्या तरी घ्या."

"नगं वैनी," म्हणत गडी निघालासुद्धा. काम करायचं पण त्या घरचा चहा घ्यायचा नाही, असा त्याचा नेमच होऊन बसला होता.

आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. दोघांची रानं बांधाला बांध लागून, दोघांच्याही केळी. लहानपणापासनं एका ताटात जेवलेले. चार वर्षांपूर्वी रावजी कडबाकुट्टीच्या मशिनीत वैरण लावत होता आणि शांतवननं बटण दाबलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. "रावजी चालू कर म्हनला आसं मला आयकू आलं," असं शांतवननं साऱ्या गावाला सांगितलं. रावजी दवाखान्यातनंच म्हणाला, "चुकून झालं. सोड आता."

पण शांतवन कुठला सोडतोय. रावजीचं पाणी तो धरणार, फवारणी तो करणार, पोतं तो उचलणार. रावजी पारावर आम्हाला सांगायचा, "दोन बोटं मशिनीनं नेली. उरलेली आठ ह्या गड्यानं बेकार केली." आम्ही हसायचो. रावजी मात्र हसायचा नाही.

शांतवनचं घर आज्यापासनं ख्रिस्ती. त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गीताला त्याचा आवाज सगळ्यांत पुढं. पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायच्या भाकरीची ताटली आली, की हा तुकडा न घेता ती शेजारच्याकडं सरकवायचा. चार वर्षं हेच. त्याच्या बायकोनं, एस्तरनं, हे एकदा रडत मुक्ताबाईला सांगितलं होतं, आणि तिनं रावजीला.

यंदा वैशाखात वारं सुटलं. शांतवननं दिवसभर रावजीच्या केळींना टेकू दिले. स्वतःच्या बागेकडं फिरकलाच नाही. सकाळी बघतो तर रावजीची बाग उभी आणि शांतवनची निम्मी आडवी. एस्तर बांधावर बसून राहिली. रावजी ते बघून आला आणि जेवलाच नाही.

रविवारी तो धुतलेला सदरा घालून देवळात गेला. चपला दारात काढल्या आणि मागं सतरंजीवर बसला. सोलापूरचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, महिन्यातनं एकदा रेल्वेनं केम स्टेशनात उतरून यायचे; त्या दिवशी ते आले होते. त्यांनी भाकर मोडली, प्रार्थना केली, ताटली फिरली. शांतवननं नेहमीसारखी ती पुढं सरकवली.

"सायेब," रावजी उभा राहिला. "मी तुमच्यातला न्हाय. पन इचारू का? ह्यो का खात न्हाय?"

शांतवन खाली बघत म्हणाला, "मी त्या लायकीचा न्हाय."

"लायकी बघून कुणालाच दिलेली नाही ही भाकर," पाळकसाहेब म्हणाले. "प्रभूनं माफ केलं, शांतवनराव. ह्यांनी माफ केलं. आता तुमचा न्याय त्या दोघांपेक्षा मोठा आहे का?"

"ह्यानं माफ केलं ते खोट्याला केलं." शांतवनचा आवाज फुटला. "मला कायबी आयकू आलं नव्हतं. मी फोनवर बोलत हुतो. हसत हुतो. न बगता बटन दाबलं."

एस्तरनं तोंडाला पदर लावला. रावजी मात्र जागचा हलला नाही.

"मला म्हाईत हाय की," तो म्हणाला. "मी तुज्याकडंच बगत हुतो. फोन कानाला हुता तुज्या."

"मग बोलला न्हाईस कंदी?"

"काय बोलायचं? म्हाईत असूनच सोड म्हनलो हुतो. तूच धरून बसलास. माजं काम करतूस, पन ते माज्यासाटी न्हवं गड्या. तुज्या मनाला बरं वाटावं म्हनून करतूस. मला तुजं काम नगं. तू पायजेस."

शांतवन गुडघ्यावर आला आणि लहान पोरासारखा रडला. पाळकसाहेबांनी ताटली परत मागवली, स्वतः त्याच्यापुढं धरली. बराच वेळ त्याचा हात वर आला नाही. मग आला. तुकडा तोंडात घालून तो डोळे मिटून बसला, आणि एस्तरनं गीत सुरू केलं. त्या दिवशी त्याला काही सूर सापडला नाही.

सोमवारी आडव्या केळी तोडायला रावजी कोयता घेऊन शांतवनच्या बागेत हजर. तीन बोटांत कोयता धरून एकेक बुंधा तोडायला त्याला बराच वेळ लागत होता, घावही वाकडे बसत होते. शांतवन दोनदा उठला आणि दोन्ही वेळा परत खाली बसला.

"लई हळू चाललंय तुजं," तो म्हणाला.

"मग ये की हाताखाली."

"न्हाय," शांतवन मुक्ताबाईनं धाडलेलं फडकं सोडत म्हणाला, "मला भूक लागलीया," आणि बांधावर ऐसपैस बसून भाकरी खाऊ लागला.