मला नळी

आमचा कॉम्प्युटर बंद पडत नसे. बंद पडला असता तर दोन शिव्या घालून मी तो पुन्हा चालू केला असता. तो थांबायचा. पडदा उजळलेला, अक्षरं जागच्या जागी, आणि मधोमध तो निळा ठिपका, हलायचं नाव नाही. दुरुस्तीवाला म्हणायचा, "हँग होतोय, काकू." मी म्हणायची, "तो नाही हो, माझा जीव टांगणीला लागलाय."

तो ठिपका म्हणजे माझ्या नवऱ्याची नजर होती.

त्यांना सगळे मास्तर म्हणत, म्हणून मीही म्हणे. ते गाडी चालवायला शिकवत. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असे आणि त्या पायाला इतकी सवय लागली होती, की मी घरी कोणाशी तावातावानं बोलायला लागले की टेबलाखाली त्यांचा पाय फरशीवर दाबला जायचा. मलाही त्यांनी दोनदा शिकवून पाहिलं. दोन्ही वेळा आमचं लग्न थोडक्यात वाचलं.

आजार पायापासून वर चढला. आधी ब्रेकचा पाय गेला, मग हात, मग आवाज. डोकं शाबूत, कान शाबूत, आणि डोळे. पडद्याखाली एक छोटा कॅमेरा बसवला होता, तो त्यांच्या बुबुळांवर लक्ष ठेवायचा. मास्तर ज्या अक्षराकडे बघतील तिथे निळा ठिपका जायचा, आणि नजर जरा वेळ तिथेच ठेवली की ते अक्षर वर उमटायचं. एका ओळीला भाजी शिजून व्हायची. तरी अर्धं वाक्य त्यांना खपत नसे. तहान लागली की "मला पाणी हवं आहे" असं सगळं लिहायचे. लेक एकदा म्हणाली, "बाबा, नुसतं 'पाणी' लिहा ना, कळतं आम्हाला." त्यावर त्यांनी किती तरी वेळ खर्चून लिहिलं, "नुसतं पाणी पाटीवर लिहितात."

कॉम्प्युटर चालू नसेल तेव्हा पापण्या होत्या. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. पण पापणीची गंमत अशी, की कोणी विचारल्याशिवाय ती बोलू शकत नाही.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मास्तरांच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसल्या. मग खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या, माझ्याकडे पाठ करून, हे मला आवडलं नाही. म्हणाल्या, "मास्तर, छातीचे स्नायू दमत आलेत. घशाला छेद देऊन नळी बसवता येईल, ती श्वासाच्या मशीनला जोडायची. तसं केलं तर अजून बरीच वर्षं निघू शकतात. असंच पडून, पण निघतील. नाही केलं, तर मग फार दिवस नाहीत. हवी की नको, ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. पुढच्या खेपेला मला उत्तर लागेल."

त्याच दुपारी मास्तरांनी लिहायला घेतलं. मी भिंतीला टेकून एकेक अक्षर वाचत होते. "मला नळी". आणि ठिपका थांबला.

आपल्या भाषेत माणूस आधी येतो, मग वस्तू येते, आणि ती हवी की नको हे सगळ्यात शेवटी. शाळेत हे कोणी सांगत नाही, सांगायची गरजही नसते. मी त्या दोन शब्दांपुढच्या पांढऱ्या जागेकडे बघत उभी राहिले. कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, तो जागा होईपर्यंत थांबायचं, मग कॅमेऱ्याला ओळख पटावी म्हणून मास्तरांनी पडद्याच्या चारही कोपऱ्यांत नजर फिरवायची. एवढं होईस्तोवर त्यांनी डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "मला नळी", आणि ठप्प. तिसऱ्या दिवशी "मला न" वरच. खिडकी उघड, उशी वर कर, असली वाक्यं मात्र सुरळीत पार पडायची, आणि ती वाचताना माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

लेक म्हणाली, "आई, पापणीनं विचार ना त्यांना. मिनिटात कळेल."

"त्यांना नीट लिहून सांगायचंय."

"तुला ऐकायचं नाहीये."

मी हातातलं पातेलं मोरीत आपटलं. राग आला, कारण पोरगी खरं बोलत होती. तिलाही विचारायचा धीर होत नव्हता, नाहीतर तिनंच विचारलं असतं की. दोघी एकमेकींवर ढकलत होतो आणि मधे त्या मशीनला शिव्या घालत होतो.

दुरुस्तीवाला हुशार वगैरे नव्हता, चिवट होता. पोट सुटलेला, चष्मा कपाळावर, खोलीत शिरताना चपला काढून त्या दोनदा सरळ करणारा. पहिल्या दिवशी त्यानं कॉम्प्युटर उघडून आतली धूळ काढली आणि पंखा बदलला. "गरम होत असणार," म्हणाला. जाताना मला एक गोष्ट शिकवून गेला. कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाखवलं आणि म्हणाला, "काकू, खरंच हँग झालाय की नुसता रेंगाळलाय, हे कळायला हे दाबायचं. वर कोपऱ्यात बारीक हिरवा दिवा लागला तर मशीन जागं आहे. नाही लागला तर समजा गेलं."

त्यानंतर मी ते बटण इतकं दाबलं की त्यावरची अक्षरं पुसट झाली. दिवा कधीच लागला नाही.

दुसऱ्या खेपेला त्यानं आतली मेमरी बदलली. तिसऱ्या खेपेला सगळं पुसून प्रोग्राम नव्यानं टाकला. चौथ्या खेपेला काहीच केलं नाही, नुसता स्टुलावर बसून राहिला. "मला ते हँग होताना बघायचंय," म्हणाला. आणि त्याच्यासमोर ते एकदाही झालं नाही. तो गॅलरीत जाऊन आला की मात्र झालेलं असायचं.

"मी होतो तोवर व्यवस्थित चालत होतं," तो डोकं खाजवत म्हणाला.

"तुम्हाला बघून लाजत असेल," मी म्हणाले. मास्तरांचे डोळे हसले. त्यांचे डोळे हसलेले मला लांबूनही कळत.

तो गॅलरीत का जायचा, तर मीच पाठवायची. मास्तरांना नीट गिळता येत नसे, त्यामुळे लाळ आणि कफ घशात साठायचा. तो ओढून घ्यायला पलंगाशेजारी एक छोटं मशीन होतं, मोटर घरघरली की बारीक नळीतून सगळं काचेच्या बरणीत यायचं. परक्या माणसासमोर ते करायला मला संकोच वाटे. मास्तरांना तर वाटतच असणार. मी म्हणायची, "जरा बाहेर थांबता?" आणि तो सुटल्यासारखा उठायचा. त्याला ते बघवत नव्हतं हे मला दिसत होतं. सगळ्यांचीच सोय होती त्यात.

डॉक्टरीणबाई यायच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. लेक कामावर गेली होती. मास्तरांनी लिहायला घेतलं, "मला", आणि त्यांच्या घशात खळखळ सुरू झाली. मी मोटरकडे हात नेला तोच उशी सरकली आणि त्यांचं डोकं एका बाजूला कललं. माझे हात दोनच. दुरुस्तीवाला सवयीनं गॅलरीच्या दाराशी पोचला होता.

"अहो, जाऊ नका. डोकं धरा," मी ओरडले.

तो आला. दोन्ही हातांनी मास्तरांचं डोकं धरलं, आणि घशाकडे बघायला नको म्हणून त्यानं मान दुसरीकडे वळवली. दुसरीकडे पडदा होता. मी मोटर सुरू केली.

"काकू," तो म्हणाला.

"थांबा हो जरा."

"काकू, आत्ता झालं. तुम्ही बटण दाबलंत आणि ठिपका थांबला."

कफ निघाला, मास्तरांचा श्वास मोकळा झाला, तोवर तो डोकं धरून तसाच उभा. मग पालथा पडून पलंगाखाली शिरला. तिथे एकच लांब प्लगपट्टी होती आणि तिच्यात सगळं खोचलेलं. कफाचं मशीन, हवेची गादी, कॉम्प्युटर, दिवा. त्यानं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, मला मोटर चालू करायला लावली, ठिपका थांबला. बंद केली, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, पुन्हा थांबला. "मोटर सुरू होताना झटका मारते," तो फरशीवर बसून म्हणाला. "त्या झटक्यात कॅमेरा गळपटतो आणि सगळ्याला अडकवून ठेवतो. मशीनमध्ये काही बिघाड नव्हताच."

मी खाली बसले. उशी वर कर असं लिहिताना मास्तरांना काही होत नसे. नळीचं वाक्य लिहायला घेतलं की त्यांचा गळा भरून यायचा. आपण बोलायला म्हणतो तसा नाही, खरोखरच भरायचा, श्वास कोंडायचा, आणि मी धावत जाऊन मोटर लावायची. रोज त्यांचं वाक्य मी तोडत होते, माझ्या हातानं, त्यांचा जीव वाचवताना.

त्यानं दाराजवळच्या भिंतीतल्या प्लगपासून एक वेगळी वायर ओढली, भिंतीच्या कडेनं खिळे मारत नीट आणली आणि कॉम्प्युटर तिला जोडला. कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "आता नाही होणार, काकू." किती खूश झाला होता तो. चार खेपांचं चीज झालं होतं त्याच्या. मी चहा घ्या म्हटलं, हसलेसुद्धा. आता कोणाला शिव्या घालणार होते मी?

तो गेल्यावर दार लावलं. खोलीत ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं. मास्तर पडद्याकडेच बघत होते.

"दमला असाल," मी म्हणाले. "उद्या लिहा."

दोनदा पापण्या मिटल्या. नाही.

म. ल. त्याला काना. मधली मोकळी जागा. न. ळ. त्याची वेलांटी. घशात खळखळ झाली. मी मोटर लावली, नळी घातली, आणि डोळा पडद्यावर ठेवला. मोटर घरघरत होती आणि ठिपका चालत होता. सरळ, कुठे न अडखळता. मी मोटर बंद केली. ठिपका शेवटच्या अक्षरापुढे आला आणि थांबला.

मी वाट पाहिली. ठिपका हलला नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, मला बरं वाटलं. झालं पुन्हा, म्हटलं, आता बोलवा त्याला, आता अजून चार दिवस गेले. मी कीबोर्डकडे गेले आणि कॅप्स लॉक दाबलं.

दिवा लागला.

पुन्हा दाबलं. विझला. पुन्हा दाबलं. लागला.

मी मागे वळले. मास्तर पडद्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. नजर काढून घेतली की ठिपका जिथला तिथे राहतो, मशीनचा त्यात दोष नसतो. शिकवायच्या गाडीतही ते असेच बसायचे, हाताची घडी घालून, काही न बोलता, मी किल्ली फिरवेपर्यंत. मला कळलं. मी विचारावं म्हणून ते थांबले होते. तो शब्द त्यांना माझ्या अंगावर टाकायचा नव्हता.

"अहो," मी म्हणाले. "नळी हवी ना?"

त्या 'ना'वर मी सगळा भार टाकला होता.

पापण्या मिटल्या, उघडल्या. मिटल्या, उघडल्या.

"डोळ्यात काही गेलंय का?"

पुन्हा दोनदा. सावकाश, क्लच सोडायला घाबरणाऱ्या बाईला दाखवतात तसं.

मग मी बोलत सुटले. म्हणाले, मी दमलेले नाही. म्हणाले, मला काय करायचंय दुसरं, मी बसेन इथे, किती वर्षं ते देव जाणे, बसेन. म्हणाले, लेकीचा तरी विचार करा. म्हणाले, मला गाडी येत नाही, हे तर काय वाट्टेल ते बोलले. पलंगाच्या कडेला धरून मी रडत होते आणि त्यांना माझे डोळे पुसता येत नव्हते, त्यांचे त्यांनाही पुसता येत नव्हते. माझं सगळं बोलून होईपर्यंत ते थांबले. टेबलाखाली पाय असता तर दाबला असता.

मग त्यांनी नजर वळवली. ठिपका हलला. न. क. त्याचा काना आणि मात्रा. अर्ध्यावर वाक्य सोडणं त्यांना कधी जमलं नाही. ठिपका खालच्या ओळीत गेला, पूर्णविरामावर थांबला, आणि तो टिंबही वर उमटला.

मला नळी नको.

मी तरी उभीच. वाटलं, अजून काही असेल. एखादा 'पण' असेल, 'आत्ता तरी' असेल, माणसं घालतात की असं मागून काहीतरी. ठिपका पूर्णविरामावर होता. मास्तरांनी डोळे मिटले होते आणि त्यांची छाती वर-खाली होत होती, थोडीशीच. मी कीबोर्डवर हात नेला आणि बटण दाबलं. दिवा लागला. दाबलं. विझला. दाबलं. लागला.

मशीन उत्तम चालू होतं.