सेबेस्टियनची दोन बोटं

“बाय, याला दोन बोटं जास्त हायत,” लूर्डस म्हणाली.

शिल्पकार हेमांगी दचकली. वसईतल्या तिच्या शेडमध्ये गावची स्मारक समिती मातीचा पुतळा पसंत करायला आली होती आणि अध्यक्ष नेल्सनने नुकतंच ‘फर्स्ट क्लास’ म्हणून टाकलं होतं. पुतळा लूर्डसच्या दिवंगत नवऱ्याचा, मच्छीमार होडीचा प्रमुख असलेल्या सेबेस्टियन तांडेलाचा. उजवा हात वर, पहिली दोन बोटं अंगठ्याखाली दुमडलेली, शेवटची दोन ताठ. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात आज शाळेतली पोरंही ही खूण करतात. अर्थ एकच, सगळे सुखरूप परत आले.

खूण सुरू झाली ती एका वादळी दुपारी. जाळं ओढताना दोराच्या फासात सेबेस्टियनच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं तुटली. होडी किनाऱ्याजवळ येताच त्याने तोच हात उंच केला. उरलेली दोन बोटं पाहून बायकांना वाटलं, दोन माणसं बुडाली. त्यांनी टाहो फोडला. उतरली मात्र सातही माणसं. तेव्हापासून प्रत्येक तांडेल दुरूनच तसा हात करू लागला. कौतुक गावाने केलं. थंडीत ठणकणारा तो हात शेकत बसली ती लूर्डस, आणि त्याचा तिला कधी कंटाळा आला नाही.

नेल्सन समजावू लागला की तुटका हात चौकात बरा दिसत नाही, पर्यटक फोटो काढतात. पण लूर्डसची उभी हयात मासळीबाजारात गेली होती. अशा गोड बोलण्याला ती थोडीच बधणार?

“लोकं बोटं दुमडतात. त्याला दुमडायला बोटंच नव्हती,” ती शांतपणे म्हणाली. “या मानसाला मी वळखत नाय.”

हेमांगीने माती कापायची तार घेतली आणि दोन्ही बोटं मुळापासून उतरवली. लूर्डसने तो हात नीट चाचपला, खुंटांवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग टेबलावरची मातीची बोटं तिने रुमालात बांधून घेतली.

परतताना ती रिक्षातून चर्चपाशी उतरली. मागच्या दफनभूमीत सेबेस्टियनच्या क्रुसाशी तिने हाताने माती उकरली, बोटं आत ठेवली, वरून माती सारखी केली. गुडघे दुखत होते, तरी कुणाचा आधार न घेता उठली. उजवा हात वर करून तिने दोन बोटं दुमडली.

“सगली आली,” तिने त्याला सांगितलं.